शासकीय साहाय्यास पात्र कला कोणती?

(शिरूर कासार येथील शिक्षक व पंचायत सदस्यांपुढील भाषण)



सार्वजनिक पैशातून कोणत्या कलेस साहाय्य द्यावे, हा प्रश्न केवळ मुंबईत बसून सुटणारा नाही. त्याचे उत्तर शिरूर कासारसारख्या गावीही शोधावे लागते.

प्रतिष्ठा हीच कसोटी मानली तर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. त्याच तमाशातील विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने पुढे राज्य शासनाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कला तीच राहिली. पाहणाऱ्यांची दृष्टी पालटली.

वृद्ध साहित्यिक व कलावंतांच्या मानधन योजनेतही राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक असे तीन वर्ग होते. त्यांना दरमहा अनुक्रमे ३,१५०, २,७०० व २,२५० रुपये मिळत. २०२४ साली हा भेद जाऊन सर्वांस ५,००० रुपये समान मानधन लागू झाले. गावात गाणारा तो लहान, ही समजूत शासनदरबारी तरी मोडली.

परंतु कागदाचा उंबरठा शिल्लक आहे. अर्जासोबत कलेतील कार्याचे पुरावे जोडावे लागतात. नाट्यगृहात प्रयोग करणाऱ्याजवळ प्रमाणपत्रे व कात्रणे असतात. लग्नघरी रात्रभर संबळ वाजवून गोंधळ घालणाऱ्याजवळ ती कोठून असणार? या तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जातात. त्यांच्यातही कलावंत असतात. कारखान्याच्या तळावर कोपीपुढे म्हटलेल्या गाण्याची नोंद कोणत्या दप्तरी व्हावी?

मग मागेल त्यास पैसा द्यावा काय? नव्हे. जनतेच्या पैशास कसोटी हवीच. ही साधना किती वर्षांची आहे? गावाने आपल्या सुखदुःखात तिला स्थान दिले आहे काय? ती कोणास शिकविली आहे काय? हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. वगातील सोंगाड्याने सत्तेची थट्टा केली काय, हा प्रश्न मात्र विचारू नये.

या प्रश्नांची उत्तरे गावालाच ठाऊक असतात. ग्रामपंचायतीने कलावंतांची नोंदवही ठेवावी. तीत नाव, कला, गुरू व सेवेची वर्षे लिहावीत. गुरुजींनी विद्यार्थ्यांकडून वृद्ध कलावंतांच्या हकिकती लिहून घ्याव्यात. कलावंत हयात असतानाच हे काम व्हावयास हवे. त्याच्या पश्चात केलेला गौरव त्याच्या औषधपाण्यास उपयोगी पडत नाही.