यंत्राचे माणूसपण
(कुडवा येथील समाजाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



निर्जीव वस्तू सजीवाप्रमाणे वागते असे वर्णिले, म्हणजे आपले अलंकारशास्त्र त्यास चेतनगुणोक्ती म्हणते. हा अलंकार केवळ कवींच्या मिरासदारीचा नाही. धानाची गिरणी रुसते, पाण्याचा पंप धापा टाकतो, थंडीत ट्रॅक्टर कुरकुरतो, असे आपण नित्य म्हणतो. गोंदियाच्या तांदूळ-गिरण्यांशेजारी वसलेल्या या कुडव्यात अशी भाषा ज्याच्या कानी पडली नाही, असा मनुष्य विरळा.

ही भाषा त्याज्य आहे असे आम्ही मानीत नाही. ‘गिरणी कण्हते’ म्हणणारा कारागीर वस्तुतः तिच्या बदललेल्या आवाजाकडे कान देत असतो आणि वेळीच तेल घालतो. खंडेनवमीस आपण अवजारांची व यंत्रांची पूजा करतो, त्यात कृतज्ञता आहे, आणि त्या निमित्ताने यंत्र पुसून स्वच्छ करण्याची शिस्तही आहे. यात माणसाचे काही हरवत नाही.

परंतु हा मोह किती खोल आहे, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील जोसेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने १९६६ साली ‘एलायझा’ नामक संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. बोलणाऱ्याचीच वाक्ये उलटवून ती प्रश्न विचारीत असे. अर्थ तिला कळत नसे. तरीही, ती कशी घडली हे ठाऊक असलेल्या त्यांच्या सचिव बाईंनी तिच्याशी एकांतात बोलता यावे म्हणून त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. आज तर खिशातील मोबाइल मराठीतून उत्तरे देतो. मग मोह किती वाढला असेल!

आता घरचीच गोष्ट पाहू. स्वस्त धान्य दुकानातील यंत्रावर अंगठा ठेवावा लागतो. ज्या भगिनीने जन्मभर बांधीतील चिखलात धानाची रोवणी केली, जिच्या बोटांच्या रेषा श्रमाने झिजल्या, तिचा ठसा कधी जुळत नाही. लगेच म्हटले जाते, “मशीन तुम्हाला ओळखत नाही.” येथे ‘ओळखणे’ हा शब्द घात करतो. यंत्र ओळखत नाही आणि विसरतही नाही. ते नोंदविलेल्या रेषांशी समोरच्या रेषा ताडून पाहते, एवढेच. ओळखणारी माणसे तर दुकानात आणि रांगेत उभी असतात. पण दोष यंत्राच्या माथी बसला, की कोणासच जबाबदार धरता येत नाही आणि ती माउली रिकामी पिशवी घेऊन मुकाट्याने परतते.

वास्तविक केंद्र शासनाच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना कळविले आहे की, ठसा जुळला नाही एवढ्यावरून पात्र कुटुंबास धान्य नाकारू नये, कागदपत्रे पाहून ते द्यावे आणि तशी वेगळी नोंद ठेवावी. म्हणजे अखेरचा निर्णय माणसाकडेच ठेविलेला आहे.

म्हणून आमची तरुणांस विनंती आहे की, आपल्या वस्तीतील वृद्धांसोबत धान्यवाटपाच्या दिवशी दुकानापर्यंत जावे. ठसा जुळला नाही, तर नम्रतेने पण ठामपणे त्या नोंदीचा आग्रह धरावा. वृद्धाची जात न विचारता हे काम करावे, कारण भूक ज्ञाती पाहत नाही.

गिरणीला रुसू द्या, पंपाला धापा टाकू द्या. मात्र माणसाने माणसाला ओळखण्याचे काम यंत्रावर सोपवू नका, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.