ज्ञातीचा निधी कोणासाठी?

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



विद्यार्थी साहाय्य निधीविषयी चार शब्द बोलावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. निधी वाढतो आहे, ही समाधानाची गोष्ट खरी. परंतु तो ज्या रीतीने दिला जातो, तिजविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

दरवर्षी याच व्यासपीठावरून गरजू विद्यार्थ्यांची नावे वाचली जातात. मुलगा पुढे येतो, पाकीट घेतो, देणगीदारांस वाकून नमस्कार करतो, छायाचित्र निघते. गुणवत्तेच्या पारितोषिकास हे शोभते. परंतु वडिलांची नोकरी सुटली म्हणून ज्यास फी मिळते, त्याने साऱ्या ज्ञातीसमोर उभे का राहावे? उद्या याच घरांतून सोयरिकी व्हावयाच्या असतात. म्हणून कित्येक घरे अर्जच करीत नाहीत. आणि ‘आपल्यात आता कोणी गरीब उरले नाही’ असे म्हणावयास आपण मोकळे!

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो मुष्टिफंड. गृहिणी घरच्या धान्यातून एक मूठ बाजूस काढून ठेवीत. वाड्यातली मूठ आणि झोपडीतली मूठ एकदा पोत्यात पडली, की कोणती कोणाची हे सांगता येत नसे. जेवणाऱ्या मुलास कोणापुढे वाकावे लागत नसे, आणि गरिबाच्या घरालाही देण्याचा मान मिळे.

दुसरी गोष्ट किंचित कडू आहे. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या उत्तेजनाने 1901 पासून जातवार वसतिगृहे निघाली. त्यांपैकी जैन वसतिगृहात भाऊराव राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर स्नान करण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्यांस ते वसतिगृह सोडावे लागले. ज्ञातीने आसरा दिला आणि ज्ञातीच्या नियमानेच दार लावले. आपल्या निधीच्या नियमांतही ‘ज्ञातीतील’ हा शब्द आहे. आपल्या दुकानांत माल वाहणाऱ्यांची, घरी धुणीभांडी करणाऱ्या बायांची मुले त्या शब्दापाशीच अडतात. ज्या घामावर आपली भरभराट झाली, त्यात त्यांचाही वाटा नाही काय?

तेव्हा आमची विनंती अशी, की साहाय्य घेणाऱ्यांची नावे दोघा विश्वस्तांपलीकडे जाऊ नयेत. प्रत्येक घराने, साहाय्य घेणाऱ्यानेही, ऐपतीप्रमाणे दरमहा काही टाकावे. आणि निधीचा एक भाग ज्ञातीबाहेरील मुलांसाठी राखावा. देणगीदारांची रकमांसह यादी स्मरणिकेत छापू नये, असेही आम्ही सुचविणार आहोत. यावर मतभेद होतील, हे समोरच्या काही चेहऱ्यांवरून दिसतेच आहे! ठराव चिटणिसांकडे दिला आहे. चर्चेस वेळ मिळावा म्हणून आम्ही येथेच थांबतो.