बांधावरचा तेरडा



"तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यामुळे तेरड्याला कोणी मोलाचा मानत नाही. पण आज आम्ही त्याच्याविषयीच बोलणार आहोत.

नाशिक जिल्ह्यात इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागात पाऊस भरपूर. तिथे तेरडा आपोआप उगवतो. श्रावण-भादव्यात तो फुलतो. त्याच वेळी आपल्या काकडीच्या, कारल्याच्या, लाल भोपळ्याच्या वेलांनाही फुले येतात.

या वेलांवर नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मादी फुलामागे इवलेसे फळ असते. नर फुलातली पिवळी भुकटी, म्हणजे पराग, मादी फुलावर पडली तर ते फळ वाढते. नाही तर पिवळे पडून गळते. मग आपण म्हणतो, "वेलाला नजर लागली." अहो, नजर कसली? माशीच आली नाही!

पराग नेण्याचे काम सातेरी मधमाशी आणि इतर माश्या करतात. पण कामकऱ्याला भाकर नको का? बांधावर तणनाशक मारले, की फुले गेली. माशीची भाकर गेली. तेरडा ती भाकर देतो. त्याच्या फुलामागे बारीक, वाकडी नळी असते. तिच्यात गोड रस असतो. त्या रसासाठी आलेली माशी शेजारच्या वेलावरही जाते.

आता तेरडा लावायचा कसा, ते बघा. पिकलेले बोंड बोट लागताच फुटते आणि बी उडते. म्हणून बोंड फुगले, की अलगद मुठीत धरून तोडा. बी सावलीत वाळवा. कापडाच्या पुरचुंडीत ठेवा. मृगाचा पाऊस झाला, की ओल्या बांधावर पेरा. वर मातीचा पातळ थर पुरे. पाणी साचते तिथे पेरू नका. रोपे दाट झाली तर वीतभर अंतर ठेवून विरळ करा. येवल्याकडे पाऊस कमी. तिकडे पाटाच्या कडेला, थोड्या सावलीत लावा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गौरीसाठी तेरडा आणताना सगळा उपटू नका. बियांसाठी निम्मा तरी राखा. आणि औषध फवारायचेच असेल, तर संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर फवारा.

आमचे ऐकून सोडून देऊ नका. वेलावरच्या दहा मादी फुलांना दोरा बांधा. त्यांतली किती धरली, ते मोजा. यंदाचा आकडा आणि तेरडा लावल्यानंतरचा आकडा वहीत लिहून ठेवा. लिहायला तर आता आपल्याला येतेच!