बुडाखालचे नाव



फुलदाणी हाती आली की सामान्य माणूस तिच्यात कोणती फुले शोभतील याचा विचार करतो. संग्राहक ती आधी उलटी करतो. बुडाखाली कोणत्या कारखान्याचा छाप आहे, कोणा कलावंताची सही आहे काय, त्या छापावरून एखादी बारीक रेघ कोरलेली आहे काय, हे पाहिल्याखेरीज त्याचे समाधान होत नाही. आजचे विवेचन अशा उलट्या केलेल्या फुलदाण्यांविषयी आहे. १९६० नंतरच्या दोन दशकांत पश्चिम जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात तयार झालेल्या, पांढऱ्याशुभ्र आणि अंगभर उठावाचे काम असलेल्या त्या पोर्सिलेनच्या फुलदाण्या होत.

पोर्सिलेन म्हटले की निळी नक्षी, सोनेरी काठ आणि गुलाबाचे गुच्छ डोळ्यांपुढे येतात. येथे त्यांतले काहीच नाही. एकीच्या अंगावर झाडाच्या सालीसारख्या भेगा आहेत, दुसरीवर माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक चढलेले पापुद्रे, तर तिसरीवर नुसत्या उभ्या धारा. अनेकींना बाहेरून झिलईच दिलेली नसते. आतून मात्र असते, म्हणजे पाण्याचा नि देठांचा डाग धरत नाही. झिलई नसल्यामुळे प्रकाश पृष्ठभागावर चकाकत नाही, तो उठावाच्या कडांवर थांबतो आणि खळग्यांत सावली साठते. सारी नक्षी त्या सावलीची. सकाळी खिडकीपाशी पाहिलेली फुलदाणी रात्री दिव्याखाली निराळीच भासते. रंगवलेल्या भांड्याला हे साधत नाही.

हे काम हाताने कोरलेले नसते, हे ध्यानात घेतले पाहिजे. कलावंत मूळ नमुना घडवतो. त्यावरून प्लास्टरचा, दोन किंवा अधिक तुकड्यांचा साचा होतो. पाण्यात कालवून पातळ केलेली चिनी माती साच्यात ओततात. प्लास्टर पाणी शोषून घेते, भिंतीलगत मातीचा थर धरतो, आणि उरलेली माती ओतून काढतात. उठावाची कड जरा आत वळली, तर वस्तू साच्यातून सुटतच नाही. म्हणजे कल्पनेला मर्यादा घालणारा पहिला टीकाकार हा साचाच! पुढे सुमारे १४०० अंशांच्या भट्टीत वस्तू जवळजवळ एकषष्ठांशाने आकसते. शिवाय प्लास्टर झिजते. नव्या साच्यातून निघालेल्या फुलदाणीच्या कडा धारदार असतात, जुन्या साच्यातून निघालेलीच्या बोथट. एकाच नमुन्याच्या दोन फुलदाण्या शेजारी ठेवल्या तर जाणकार बोट फिरवून फरक सांगतो.

या फुलदाण्यांत अग्रस्थान रोझेनताल या नावाचे. फिलिप रोझेनताल यांनी १८७९ साली झेल्ब गावाजवळ पोर्सिलेन रंगवण्याचे लहानसे काम सुरू केले आणि त्यातून जगभर माल पाठवणारा कारखाना उभा राहिला. ते ज्यू वंशाचे. नाझी राजवटीत, १९३४ साली, त्यांना स्वतःच्याच कारखान्याच्या कारभारातून दूर व्हावे लागले. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले. मालावरचा छाप मात्र बदलला नाही. माणूस नकोसा झाला होता. त्याचे नाव विकत होते. त्या वर्षांतले एखादे साधे ताट उलटून पाहिले तरी ते नाव तेथे नीटनेटके छापलेले आढळते, आणि पाहणारा क्षणभर स्तब्ध होतो.

त्यांचा मुलगा, तोही फिलिपच, १९१६ साली जन्मला आणि ऑक्सफर्डला शिकला. महायुद्धानंतर तो जर्मनीस परतला, १९५० मध्ये वडिलांच्या कारखान्यात रुजू झाला आणि १९५८ मध्ये त्याचा प्रमुख झाला. त्याने १९६१ साली ‘स्टुडिओ-लाइन’ ही मालिका सुरू केली. बाहेरच्या कलावंतांनी नमुने करायचे, स्वतंत्र परीक्षकांनी ते पसंत करायचे, आणि कलावंताचे नाव कारखान्याच्या नावासोबत बुडाखाली छापायचे, अशी तिची रीत. फिनलंडचे तापिओ विर्काला, डेन्मार्कचे ब्यॉर्न विनब्लाड अशी मंडळी त्यात आली. विर्काला यांची ‘पोलो’ ही १९७० सालची फुलदाणी गुबगुबीत पक्ष्यासारखी आहे; तिला फुलांची गरजच भासत नाही. उठावाच्या पांढऱ्या फुलदाण्यांत मार्टिन फ्रायर यांचे काम विशेष नावाजले गेले. कारखान्याची नवी वास्तूही वॉल्टर ग्रोपिअस यांच्या आराखड्यावरून १९६७ मध्ये उभी राहिली. पुत्राने पित्याच्या नावाशेजारी इतरांची नावे मांडली, यात व्यापारी धोरण होते, हे खरे. पण त्या घराण्याचा इतिहास माहीत असलेल्याला ते निव्वळ धोरण वाटणार नाही.

संग्रह म्हटला की मराठी माणसाला पुण्याचे दिनकर केळकर आठवतात. त्यांनी जमवलेल्या दिव्यांवर नि अडकित्त्यांवर कारागिराचे नाव नाही. तेथे वस्तूच बोलते. इथे नाव आहे, म्हणून मोहही आहे. निव्वळ सहीपायी बोथट उठावाची फुलदाणी महाग घेणारे पुष्कळ. उलट कायझर कारखान्यासाठी मान्फ्रेड फ्राय यांनी केलेल्या फुलदाण्यांपैकी काही उठावात कोणालाही हार जाणार नाहीत, तरी त्यांच्याकडे दुय्यम म्हणून पाहिले जाते. हा न्याय नव्हे.

जपणुकीचे म्हणाल, तर झिलई नसलेल्या अंगावर बोटांची चिकटी नि धूळ लवकर बसते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढे पुरे; घासण्याची पूड वापरली की कडांचा तजेला कायमचा जातो. टवके बहुधा उठावाच्या टोकांवर उडतात. पांढऱ्यावर पांढरे असल्याने ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून नखाने चाचपावे लागतात.

आणि छापावरची ती कोरलेली रेघ. भट्टीतून निघालेल्या वस्तूत बारीकसा दोष आढळला की तिला दुसऱ्या प्रतीची ठरवून कारखान्यात छापावर अशी रेघ ओढीत. कधी दोष इतका सूक्ष्म असतो की तो कोठे आहे हे पन्नास वर्षांनी शोधूनही सापडत नाही. पुष्कळ संग्राहक अशी फुलदाणी परत ठेवून देतात. काही जण मुद्दाम तीच घरी नेतात.