शुश्रूषागृहांविरुद्धच्या तक्रारी : चौकशी कोणी करायची?



तळेगाव ढमढेऱ्याच्या शेतमजुराला किंवा शिक्रापूर-सणसवाडीच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगाराला अपरात्री छातीत कळ आली, तर त्याचे नातलग प्राथमिक आरोग्य केंद्राकडे फारसे वळत नाहीत. तेथे मोठी शस्त्रक्रिया होत नाही, अतिदक्षता विभाग नसतो, हे त्यांना ठाऊक असते. पुणे-नगर रस्त्यावर ज्या खाजगी रुग्णालयाचा दिवा आधी दिसेल तेथे गाडी थांबते. दागिना मोडून किंवा मुकादमाकडून उचल घेऊन अनामत भरली जाते. माणूस बरा होऊन घरी आला तर प्रश्न उरत नाही. पण रात्री परिचारिका फिरकलीच नाही, न दिलेल्या औषधांची किंमत बिलात लागली, केसपेपर पाहू दिला नाही, तर या कुटुंबाने दाद मागायची कोणाकडे? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलापुढे उभे राहावे लागते. आणि पुढच्या महिन्यात सून बाळंतपणासाठी कदाचित त्याच दारात न्यावयाची असते. म्हणून बहुतेक तक्रारी ओठांतच विरतात.

या क्षेत्रात कायदाच नाही, असा समज काही कार्यकर्त्यांतही आढळतो. तो बरोबर नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ साली, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई प्रांतात झाला. महाराष्ट्रात त्याखालील नियम १९७३ साली आले. परंतु या कायद्याची नजर खोल्या, खाटा, परिचारिकांची संख्या आणि नोंदवह्या यांवरच राहिली. रुग्णाने तोंड उघडले तर पुढे काय, याचा विचार त्यात जवळजवळ नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये नियम सुधारले गेले तेव्हा कोठे दरफलक लावणे, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, बिलासाठी मृतदेह अडवून न ठेवणे या गोष्टी नियमांत आल्या. आणि प्रत्येक स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकाऱ्याने निःशुल्क दूरध्वनीसह तक्रार निवारण कक्ष उघडावा, असेही ठरले. जन आरोग्य अभियान आणि पुण्याची ‘साथी’ यांसारख्या संघटनांनी रुग्णहक्कांसाठी वर्षानुवर्षे जो रेटा लावला, त्याचे हे फळ आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही मूळ गाठ सुटलेली नाही. हा ‘स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकारी’ कोण? शहरात महानगरपालिका, ग्रामीण भागात जिल्ह्याचा सरकारी वैद्यकीय अधिकारी. रुग्णालयाची नोंदणी तोच करतो, नूतनीकरण तोच करतो, तपासणीही त्याचीच. आता तक्रारही त्यानेच ऐकायची! एखादी तक्रार खरी ठरली, तर पुढचा प्रश्न अपरिहार्यपणे असा येतो की, साहेब, आपल्या तपासणीत हे दिसले कसे नाही? असा प्रश्न स्वतःवर ओढवून घेणारा अधिकारी विरळा. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याची गरज नाही. त्याची जागाच चुकीची आहे. सरकारी नोकरांविरुद्धच्या गाऱ्हाण्यांसाठी महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्ताचा कायदा केला, तो याच न्यायाने. खात्याची चौकशी खात्याने करू नये, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. खाजगी रुग्णालयाच्या बाबतीत मात्र त्याचा विसर पडला.

इतर दरवाजे आहेत, पण ते लांब आहेत. वैद्यक परिषद डॉक्टरपुरते पाहते, रुग्णालयाच्या संस्थेपुरते नाही. ती भरपाई देऊ शकत नाही आणि न्याय करणारे बहुतांशी व्यवसायबंधूच असतात. ग्राहक न्यायालयाचा मार्ग १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने खुला झाला. तो मोलाचा आहे. पण तेथे वकील लागतो, तज्ज्ञाचे मत लागते, पुण्याच्या खेपा घालाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला एक रोजंदारी बुडते.

बाहेरच्या माणसाने खाजगी रुग्णालयाचा हिशेब पाहिला तर वैद्यकशास्त्र कोसळते, असा बागुलबुवा नेहमी उभा केला जातो. मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले : साध्या कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५००, कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. बिले तपासण्यासाठी लेखापरीक्षक नेमले गेले. पळवाटा निघाल्या, लूटही झाली. पण जेथे लेखापरीक्षक खरोखर बसला तेथे बिले उतरली आणि रुग्णालये चालूच राहिली. साथ ओसरली आणि ही व्यवस्थाही गुंडाळली गेली.

पश्चिम बंगालने २०१७ साली कायदा करून निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली कायमचा आयोग नेमला. रुग्णालयाच्या कसुरीने मृत्यू झाल्याचे ठरले तर किमान १० लाख रुपये भरपाईची तरतूद त्या कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये ‘नर्सिंग होम’ म्हणजे मुख्यत्वे वृद्धांच्या शुश्रूषेचे निवासगृह. तेथे स्वतःच्या खिशातून पैसे भरून खाजगी गृहात राहणाऱ्या वृद्धालाही २०१० पासून स्वतंत्र लोकपालाकडे जाता येते. पैसे खाजगी म्हणून तक्रारही खाजगी, हा युक्तिवाद त्या भांडवलशाही देशानेही मानला नाही. महाराष्ट्रात तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून सरकारी पैसाच खाजगी रुग्णालयांत जातो.

कायमची यंत्रणा नसली की काय होते, ते एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात दिसले. दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने एका गर्भवतीच्या नातलगांकडे १० लाख रुपये अनामत मागितल्याचा आरोप झाला. जुळ्या मुलींना अन्यत्र जन्म देऊन ती माता मरण पावली. शहर खवळले, निदर्शने झाली, आणि मग चौकश्यांची रांग लागली : आरोग्यखात्याची एक, धर्मादाय आयुक्तांची दुसरी, मातामृत्यूच्या अन्वेषणाची तिसरी. वर्तमानपत्रांत मथळा आला म्हणून समित्या आल्या. शिरूर तालुक्यातील बाळंतिणीसाठी मथळा कोण छापणार?

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. आज खेड्यातील तक्रार निवारण केंद्र म्हणजे पुढाऱ्याचा फोन. कार्यकर्ता रुग्णालयात जातो, आवाज चढवतो, बिलातले वीस-तीस हजार कमी करून आणतो आणि कुटुंब जन्माचे ऋणी होते. त्यात सद्‌भावना असते, हे खरे. पण हक्काची मेहेरबानी तेथेच होते. रुग्णालयाची नोंदवही कोरी राहते आणि पुढच्या रुग्णाची, ज्याला पुढारी ठाऊक नाही, हजामत होते. फोनने भागले नाही की काचा फुटतात. डॉक्टरांच्या संरक्षणासाठी २०१० साली कायदा झाला, त्याखालील गुन्हा अजामीनपात्र आहे, आणि तसा कायदा हवाच. निष्पाप डॉक्टरने मार का खावा? स्वतंत्र चौकशी त्यालाही हवी, कारण त्याचे निर्दोषत्व दुसऱ्या कोणत्या कागदाने सिद्ध होणार?

मागणी नेमकी असावी. जिल्ह्याला एक स्वतंत्र तक्रार प्राधिकरण, नोंदणी करणाऱ्या कार्यालयापासून वेगळे. अध्यक्ष न्यायिक अनुभवाचा, सोबत बाहेरच्या जिल्ह्यातील डॉक्टर, एक परिचारिका आणि रुग्णांचे प्रतिनिधी. कागदपत्रे ताब्यात घेण्याचा अधिकार, तालुक्याच्या गावी सुनावणी, आणि निकाल जाहीर.

तोपर्यंत हाती असलेले शस्त्र वापरावे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत त्याची कागदपत्रे द्यावी लागतात. तळेगावच्या कार्यकर्त्याने यापुढे रुग्णालयात जाताना फोनऐवजी हा लेखी अर्ज दोन प्रतींत न्यावा, एका प्रतीवर पोच घ्यावी, दरफलक आणि सनद भिंतीवर आहे की नाही ते पाहून लिहून ठेवावे, आणि तक्रार जिल्ह्याच्या कक्षाकडे टपालाने, पोचपावतीसह धाडावी. तीन महिन्यांत किती तक्रारी गेल्या आणि किती उत्तरे आली, याची यादी तालुका कचेरीसमोर वाचून दाखवता येईल.