ठिणगीचें छायाचित्र

विजेची ठिणगी डोळ्यांपुढें क्षणभरही ठरत नाहीं; मग तिचें चित्र कसें धरावें? ग्योटिंगेनचे अध्यापक लिश्टेनबेर्ग यांना १७७७ सालीं वीज भरलेल्या राळेच्या वडीवर धुळीचीं ताऱ्यांसारखीं चित्रें उमटलेलीं दिसलीं. चिकट कागदावर तीं त्यांनीं उतरवूनही घेतलीं.

तशाच वडीनें घरीं ठिणगी मिळते. राळ मंद आंचेवर वितळवून थाळींत ओतावी. थिजल्यावर लोंकरीनें घासावी. काचेची दांडी लावलेली पत्र्याची चकती तिजवर ठेवून चकतीस क्षणभर बोट लावावें, मग दांडी धरून ती उचलावी. अंधारांत तिच्याजवळ पळीचें टोंक नेतांच ठिणगी उडते. कॅमेऱ्याची झडप आधींपासून उघडी असावी. ठिणगीच प्रकाश देते आणि काळही तीच मोजते. पावसाळ्याच्या दमट हवेंत वीज झिरपून जाते. म्हणून हिवाळा उत्तम.

मात्र घरांतील दिव्यांची वीज किंवा मोडक्या मायक्रोवेव्ह भट्टींतील ट्रान्स्फॉर्मर या कामीं कदापि घेऊं नये. त्यानें लांकडावर विजेच्या शाखा उमटवितांना अनेकांचे प्राण गेले आहेत. राळेची वीज नुसता चिमटा काढते. ही वीज चूक पोटांत घालीत नाहीं, हें श्रोत्यांनीं विसरूं नये.