मीठ, पाणी आणि बेरियम



आमटी अळणी लागली की ताटातल्या मिठाची चिमूट तीत टाकली जाते आणि क्षणात दिसेनाशी होते. तेच कोरडे मीठ वितळवायचे, तर भट्टीचे तापमान ८०१ अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. इतक्या घट्ट बांधणीचा स्फटिक गार पाण्यापुढे कसा हार मानतो, हा प्रश्न वाटतो तितका शाळकरी नाही.

मिठात धनप्रभारित सोडियम आणि ऋणप्रभारित क्लोराइड आयन एकाआड एक रचलेले असतात. पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडील बाजू किंचित ऋण, तर हायड्रोजनकडील किंचित धन. सोडियमभोवती हे रेणू ऑक्सिजन पुढे करून जमतात, क्लोराइडभोवती हायड्रोजन पुढे करून. असे वेढले गेलेले आयन एकमेकांना दुरावतात. पाण्यात त्यांचे आकर्षण सुमारे ऐंशीव्या हिश्श्यावर येते.

'पाणी ध्रुवीय आहे म्हणून' हे परीक्षेतले उत्तर येथे थांबते, आणि ते अपुरे आहे. हिशेबच मांडून पाहावा. एक मोल, म्हणजे सुमारे ५८.५ ग्रॅम मिठातील आयन सुटे करण्यास सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा लागते. पाणी त्यांना वेढते तेव्हा जवळजवळ तेवढीच परत मिळते. चारएक किलोज्यूल कमीच. व्यवहार किंचित तोट्याचा! मीठ विरघळताना पाणी थोडे गार होते, ते यामुळेच. तरीही तो घडतो, कारण ठरीव जागी जखडलेल्या आयनांना विखुरण्याच्या असंख्य शक्यता मोकळ्या होतात.

दोन्ही आयनांवर दुहेरी प्रभार असला, तर हा हिशेब उलटू शकतो. (मॅग्नेशियम सल्फेट मात्र सहज विरघळते, चिमुकल्या मॅग्नेशियम आयनाला पाणी फार घट्ट धरून ठेवते.) बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी, परंतु बेरियम सल्फेट लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते. म्हणूनच जठराची क्ष-किरण तपासणी करताना त्याचे पांढरे मिश्रण रुग्णाला पाजता येते. ते न विरघळताच शरीराबाहेर पडते. बेरियम कार्बोनेटही तसेच पांढरे, आणि शुद्ध पाण्यात तेही फारसे विरघळत नाही. जठरातील आम्ल मात्र कार्बोनेटाचाच नाश करते, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि मोकळा झालेला बेरियम रक्तात पोहोचतो. उंदीर मारण्यासाठी ती पूड वापरली जाई.